चार बोटं जागा

आमच्या घरी दूध नासायला लागलं ते श्रावणात. पहिल्या दिवशी आईने दूधवाल्याला दोष दिला, दुसऱ्या दिवशी पातेल्याला. तिसऱ्या दिवशी तिने फ्रीजचं खालचं दार उघडलं, आत हात घालून थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, "अगो, आत आणि बाहेर सारखंच आहे."

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरातूनच करते. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही, ही त्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

"आणि वर?" मी विचारलं.

"वर दगड आहे. बोट चिकटतं."

फ्रीज दोन दारांचा. वर छोटा फ्रीझर, खाली मोठा कप्पा. दादाला मुंबईत नोकरी लागली तेव्हा त्याने तिकडून पैसे भरून तो आमच्याकडे पाठवला होता. खाऱ्या हवेने त्याच्या पायांशी गंज चढला होता आणि दाराच्या एका कोपऱ्यातला रंग सुटून फुगला होता, पण आई त्याला अजून 'नवीन फ्रीज' म्हणायची.

घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी इंग्रजी शाळेत शिकले, एवढीच त्यासाठीची पात्रता. बँकेची पत्रं, मिक्सरचं पुस्तक, बाबांच्या औषधांच्या खोक्यातले घडीघडीचे कागद. मी वाचते आणि दोन वाक्यांत सांगते. मराठी मीडियममध्ये शिकलेल्या दादाचंही कुणी कधी एवढं निमूट ऐकलं नसेल. मी काही सांगितलं नाही, तर सांगण्यासारखं काही नाही, असं धरलं जातं.

म्हणून फ्रीजचं पुस्तक मी काढलं. शेवटच्या पानांवर एक तक्ता होता. डावीकडे तक्रार, मधे कारण, उजवीकडे उपाय. 'खालचा भाग थंड होत नाही' याच्यापुढे पाच कारणं होती. पाचवं मी वाचताक्षणी ओळखलं. अशा फ्रीजमध्ये थंडी तयार होते ती फक्त वर, फ्रीझरच्या मागच्या जाळीपाशी. तिथून पंखा ती हवा खाली ढकलतो. जाळी सामानाने बुजली तर वरचं आणखी गोठत जातं आणि खाली काही पोचत नाही.

आमचा फ्रीझर रसाच्या पिशव्यांनी भरलेला होता.

परसात आमची हापूसची चार कलमं आहेत. मे महिन्यात आई आंबे पिळते, रस पिशव्यांत भरते, पिशव्या चपट्या करून एकावर एक लावते, अंगणात चिरे रचावेत तशा. हे सगळं दादासाठी, वहिनीसाठी आणि नातवासाठी. ते गणपतीला येतात, तेव्हा भाद्रपदात आमरस करायचा, हा तिचा मान. नातू पहिल्यांदा आला होता तेव्हा त्याने कोपरापर्यंत हात बुडवून रस खाल्ला होता, ते ती अजून सांगते. बाबांना डायबेटिस, त्यांना रस चालत नाही. मला फारसा आवडत नाही. त्यामुळे मधल्या काळात पिशवीला कुणी हात लावत नसे.

गेल्या गणपतीला ते आले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी दोनच दिवस आले. मागच्या वर्षीच्या पिशव्या तळाशी होत्या, काळपट पडलेल्या, त्यांच्यावर यंदाच्या. बर्फाने सगळ्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. जाळी दिसतच नव्हती.

मी म्हटलं, "आई, वर थोडी जागा केली तर?"

"करायचीय की. ते आले की जागाच जागा होईल."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की मी पुस्तक मिटलं. बोलायचं झालं असतं तर मला दोन वर्षांचा हिशेब काढावा लागला असता, दादा का येत नाही इथपर्यंत जावं लागलं असतं. आमच्या घरात तिथपर्यंत कुणी जात नाही.

त्याऐवजी मी उरलेले चार उपाय केले. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मागच्या काळ्या नळ्यांवर बोटभर धूळ आणि पालीची दोन रिकामी अंडी होती, ती ब्रशने काढली. खालचा पाण्याचा ट्रे ओढून धुतला. पावसात दाराच्या रबरावर काळी बुरशी धरते, ती जुन्या टूथब्रशने आणि सोड्याच्या पाण्याने घासली. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून बघितली. रबर ढिलं असेल तर पट्टी सुळकन निघते. आमची निघाली नाही. रबर चांगलं होतं. सगळंच चांगलं होतं.

बाबा दारात उभे राहून बघत होते. ते देवरूखला एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्यामुळे रिटायर झाल्यावरही ते घरात पाहुण्यासारखे वावरतात, कशाला हात लावायच्या आधी बघतात. "इंजिनियर झालीस की," ते म्हणाले. मी हसले. त्या दिवशी पुन्हा दूध नासलं.

मेकॅनिक तीन दिवसांनी आला. जयगडच्या बंदरावर त्याची एसीची कामं चालू होती, तिथून सुटला की तो रत्नागिरीत यायचा. त्याने वरचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"काकू, हा फ्रीज आहे की आंब्याचं गोदाम?"

"मेल्या, मे महिन्यात आला असतास तर तुलाही वाटीभर दिला असता," आई म्हणाली.

"आत्ता द्या. तेवढीच जागा होईल."

"तो मुलाचा आहे."

"मग मुलाला सांगा, लवकर ये, नाहीतर बापाला आणि आईला नासकं दूध." तो हसत होता. आई हसली नाही. त्याने एकेक पिशवी सुरीच्या मागच्या बाजूने सोडवून परातीत काढली. मागची जाळी उघडी पडली तेव्हा तिच्यावर पांढरा बर्फ जाडजूड बसलेला होता. फ्रीज बंद करून त्याने तो वितळवला, पंखा फिरवून बघितला, पुन्हा चालू केला. खालच्या कप्प्यात माझा हात धरून वरच्या फटीपाशी नेला. "लागते ना हवा?" लागत होती. "ताई, मशीनला काही झालेलं नाही. जाळीपुढे चार बोटं जागा सोडायची. चार. आणि अर्धंच भरायचं. काकू, ऐकलंत?"

"ऐकलं."

तो गेल्यावर तासाभरात आईने पिशव्या परत लावल्या. आधी चार बोटं सोडून. मग परातीत सात-आठ उरल्या. त्या मऊ पडायला लागल्या होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि एकेक करून जाळीपुढच्या जागेत उभ्या सरकवल्या. मी टेबलाशीच होते. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

दोन दिवस खालचं थंड राहिलं. तिसऱ्या दिवशी कोथिंबीर मऊ पडली. त्याच दिवशी, दुपारी, दादाचा फोन आला.

आईने फोन स्पीकरवर ठेवला होता. तिला तसाच ऐकू येतो.

"आई, यंदा जरा अवघड दिसतंय गं."

"जरा म्हणजे?"

"त्याची परीक्षा मधेच आलीय. शाळावाले ऐकत नाहीत. आणि मला पण सुट्टी..."

"तू एकटा ये. दीड दिवस ये. तिकिटाचं नसेल होत तर रात्रीच्या गाडीने ये."

"बघतो. पण तू धरून नको चालू."

"मी काय धरत्ये," आई म्हणाली. "मी आपलं विचारलं. बाबांशी बोल."

बाबांनी फोन घेतला, स्पीकर बंद केला, "हं, हं, बरं" म्हणाले आणि ठेवला. त्यानंतर आई बराच वेळ नारळ खवत होती. तेवढ्या नारळाची त्या दिवशी काही गरज नव्हती.

बाबांच्या इन्सुलिनच्या बाटल्या फ्रीजच्या खालच्या दारातल्या वरच्या खणात असायच्या, एका चपट्या डब्यात. एक वापरातली आणि दोन पुढच्या. सकाळी नाश्त्याच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी आईच त्यांना सुई द्यायची. बाबांना मोतीबिंदू आहे, सिरिंजवरच्या रेघा त्यांना दिसत नाहीत. त्या संध्याकाळी सुई देऊन झाल्यावर आईने तो डबा हातात धरून बघितला. कोमट होता. दूध नासतं, तर औषधही नासेल, असा तिने विचार केला. मग तिने वरचं दार उघडलं आणि तिन्ही बाटल्या रसाच्या पिशव्यांच्या मधे, अगदी आत, नीट खोवून ठेवल्या. हे तिने मला नंतर सांगितलं. मुलासाठी राखलेल्या जागेत तिने नवऱ्याचं औषध ठेवलं, घरातल्या सगळ्यात थंड जागी. तिच्या दृष्टीने तिने सगळ्यात चांगली जागा दिली होती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आले तेव्हा ती बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळत होती.

"काय झालं?"

"वर ठेवलं होतं. जरा घट्ट झालंय. सुटेल आता." तिचे डोळे सुजलेले होते. रात्री झोपली नव्हती बहुतेक. "बघ गो जरा, झालं का पातळ?"

तिने बाटली माझ्या हातात दिली आणि बाबांचा चहा गाळायला वळली. मी बाटली घेऊन खिडकीशी गेले. ते औषध एरवी दुधासारखं असतं, एकसारखं पांढरं. त्या दिवशी त्यात बारीक कण होते. मी बाटली आडवी केली, तर काही कण काचेला चिकटून राहिले, नासलेल्या दुधाचे पातेल्याच्या कडेला राहतात तसे. खोक्यातला कागद मी उघडला. वाक्य शोधावंही लागलं नाही. ते ठळक अक्षरांत होतं. गोठवू नये. गोठलं असल्यास वापरू नये.

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की आई, हे टाकून द्यावं लागेल. पाच शब्द. पण आईची पाठ माझ्याकडे होती आणि ती गाळणं उगाच आपटत होती, आणि मला वाटलं, काल दादाने एक सांगितलं, आज मी हे सांगू? की तुझ्या रसामुळे फ्रीज बिघडला आणि तुझ्या हातून औषध गेलं? आज नको. मीच बाजारात जाऊन नवीन बाटल्या आणीन आणि गुपचूप बदलेन, असं मी ठरवलं. एखाद-दुसऱ्या सुईने काय होतं, असंही मी स्वतःला सांगितलं. कागदात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी बाटली ओट्यावर ठेवली.

"झालं?" आईने विचारलं.

"हं," मी म्हटलं.

मी त्या दिवशी मारुती मंदिराजवळच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, तेच हवं असेल तर उद्या येईल. "अर्जंट आहे का?" त्याने विचारलं. त्याने असं विचारल्यावर मागे उभी असलेली बाई माझ्याकडे बघायला लागली. मी "नाही, नाही" म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या कामाची मीटिंग लांबली. तिसऱ्या दिवशी रविवार होता, दुकान बंद. मी दुसऱ्या दुकानात जाऊ शकले असते. रत्नागिरीत औषधाची दुकानं काही कमी नाहीत. मी हे आता लिहिते आहे तेव्हा मला ती सगळी दुकानं ओळीने आठवतात.

बाबा पाणी फार प्यायला लागले. तांब्या भरून त्यांच्या खुर्चीशी ठेवला तरी दुपारपर्यंत रिकामा. आई म्हणाली, हवा दमट आहे. ते सारखे बाथरूमला जायला उठायचे आणि येताना भिंतीला हात लावत यायचे. मी म्हटलं, "बाबा, साखर बघायची का?" ते म्हणाले, "परवा तर बघितली. उगाच बोटं कशाला टोचायची?" आई म्हणाली, "सुई चुकली नाही एकही. काय बघायचंय?" आणि मी मशीनचा डबा परत कपाटात ठेवला.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी छत्री घेऊन निघाले होते. चप्पल घालत होते तेव्हा आईची हाक आली. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, त्यांना उठता येत नव्हतं, आणि ते आईला तिच्या नावाने हाक मारत होते. तसं ते कधी करत नाहीत. श्वास जोरात चालला होता. शेजारच्या काकांनी गाडी काढली.

दवाखान्यात तिथल्या मशीनवर आकडाच आला नाही. साखर फारच वर गेली की तो येत नाही, असं नर्स म्हणाली. त्यांना आत नेलं. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या, माझ्यापेक्षा लहान दिसणाऱ्या, दमलेल्या. त्यांनी विचारलं, "इन्सुलिन बंद केलं होतं का?"

"छे," आई म्हणाली. "दोन्ही वेळा मी स्वतः देत्ये."

"कुठे ठेवता?"

"फ्रीजमध्ये. खालचं थंड होत नव्हतं म्हणून अगदी वर ठेवलं होतं. बर्फात." तिच्या आवाजात काळजी घेतल्याचं समाधान होतं. ते मला अजून ऐकू येतं.

डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली. मग त्यांनी हळू सांगितलं. गोठलं की त्यातला गुण जातो. ते पाण्यासारखं होतं. तुम्ही तीन दिवस त्यांना जवळजवळ पाणीच टोचत होतात. "फ्रीज बिघडला होता तर बाहेर माठाशेजारी गार जागी ठेवायचं होतं, काकू. उघडलेली बाटली बाहेरही महिनाभर राहते. कागदात लिहिलेलं असतं सगळं."

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"तू वाचलं होतंस का गो तो कागद?"

"नाही," मी म्हटलं.

ती मान हलवत राहिली. "तू तरी कशाला वाचशील. जुनंच औषध." मग ती बाकावर बसली आणि पदराचा काठ बोटांना गुंडाळत राहिली. संध्याकाळी दादा आला. ऑफिसातून तसाच निघाला होता, पाठीवर लॅपटॉपची बॅग. आई त्याला बघून रडली नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं.

बाबा आठ दिवसांनी घरी आले. बोलतात, चालतात, पण पाय बधिर झालेत, आणि एका डोळ्याने आधी दिसायचं तेवढंही दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, साखरेमुळे आधीपासून होत असणार, या वेळी उघड झालं. कदाचित खरं असेल.

ते दवाखान्यात असतानाच आईने फ्रीझर रिकामा केला. मी घरी कपडे न्यायला आले तेव्हा ती परसात कलमाच्या बुंध्याशी बसून पिशव्या कापत होती. दोन्ही वर्षांचा रस मातीत. पाऊस थांबला होता, मुंग्या लागल्या होत्या. दादा पायरीवर उभा होता. "आई, निदान यंदाचा तरी ठेव," तो म्हणाला. ती म्हणाली, "कोण खाणार आहे?" आणि पुढची पिशवी घेतली.

फ्रीज आता उत्तम चालतो. खालचं पाणी दाताला लागतं. मी दर रविवारी मागच्या नळ्या पुसते, रबर पुसते, आतल्या कप्प्यात एक छोटा थर्मामीटर ठेवलाय तो बघते. आई मात्र फ्रीजला हात लावत नाही. दूध हवं असलं तरी मला हाक मारते. सुईलाही ती हात लावत नाही. "माझ्या हातून नको," म्हणते. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर ती स्वतःच सांगते, माझ्यामुळे झालं. मी तिथे असते. ऐकत असते.

त्यामुळे आता दोन्ही वेळा बाबांना सुई मी देते. गेल्या आठवड्यात सकाळी मी त्यांच्या पोटाला स्पिरिटचा बोळा लावत होते, आणि ते खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तू स्वयंपाकघरात खिडकीशी उभी होतीस ना? बाटली उजेडात धरून."

मी बोळा खाली ठेवला.

"मी बाहेरून बघत होतो. तू कागद काढलास, वाचलास. मला आईचं काही पटत नव्हतं हो, बर्फातलं औषध. मी विचारणार होतो. पण म्हटलं, पोरीने वाचलंय. काही असतं तर बोलली असती." त्यांनी सदरा आणखी वर धरला. "म्हणून घेतली सुई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी जुनी फाईल कुठल्या कपाटात होती ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मला म्हणायचं होतं, बाबा, मी वाचलं होतं. पण ते तर त्यांना माहीतच होतं.

"आईला सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही. काय करायचंय आता तिला सांगून."

मी सुई टोचली, दहा आकडे मोजले, काढली.

"झालं का गो?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. "पोहे वाढत्ये."

बाबा माझ्याकडे बघत होते, चांगल्या डोळ्याने. मी काय म्हणते ते त्यांना ऐकायचं असावं.

"झालं," मी म्हटलं.